रेसकोर्स कागदावरून कसं गेलं : खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाचं प्रकरण

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावात बसस्टँडच्या मागे एक वसाहत आहे. पत्त्यात तिला देवाचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला 'रेसकोर्सात सोड' म्हटलं की तो बरोबर तिथेच आणून सोडतो. तिथे आता घोडा नाही, शर्यत नाही आणि मोकळी जागाही जेमतेमच. गावाचं नाव मी इथे देत नाही. तिथल्या कुटुंबांनी रीतसर खरेदीखत करून, कर्ज काढून घरं बांधली आहेत. या लेखामुळे त्यांच्यापैकी एकाच्याही मिळकतीवर प्रश्नचिन्ह लागू नये, असं मला मनापासून वाटतं. घडलं त्यात त्यांचा काही दोष नाही.

विषय निघाला तो पोलीस भरतीमुळे. शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. गावात मैदान नसल्याने मुलं-मुली पहाटे राज्य महामार्गाच्या कडेने धावतात. ऊस आणि वाळूचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. पालकांनी मिळून नगरपरिषदेकडे मैदान मागितलं. उत्तर आलं की शहर हद्दीत या कामासाठी सरकारी जागा शिल्लक नाही. त्या बैठकीत एका वृद्ध शेतकऱ्याने अहिराणीत विचारलं, "साहेबसना घोडा जठे पयेत, ती जागा कोठे गई?" म्हणजे साहेबांचे घोडे जिथे पळत, ती जागा कुठे गेली? उत्तर कोणाकडेच नव्हतं. आम्ही काही जण कागदांच्या मागे लागलो ते तिथून.

रेसकोर्स खरंच होतं का?

पहिली शंका हीच. गावोगावी 'कॅम्प', 'परेड', 'पोलो' अशी नावं चिकटलेली असतात आणि कधी कधी त्यामागे फक्त एक तंबू असतो. आमच्याकडे तर दुसरी आठवणही होती. प्लेगाच्या साथीत अख्खं गाव घरं सोडून याच माळावर झोपड्या घालून राहिलं होतं, असं दोन-तीन घरांत सांगतात. मग ते रेसकोर्स होतं की नुसता प्लेगचा कॅम्प?

आधी पार्श्वभूमी पाहू. १८१८ साली पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला पोलिटिकल एजंट झाला आणि त्याने धुळ्याला ठाणं केलं. १८२५ पासून जेम्स औट्रमने धरणगावात भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली. तेव्हापासून पुढची शंभर वर्षं या मुलखात राज्यकारभार घोड्यावरून चालला. पावसाळा सरला की साहेब तंबू-डेऱ्यांसह दौऱ्यावर निघत आणि उन्हाळ्यापर्यंत फिरत. आयसीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही घोडेस्वारीची चाचणी द्यावी लागे. अरविंद घोष त्या चाचणीला गेले नाहीत, म्हणून सेवेत घेतले गेले नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या नोकरीत घोड्यावर बसता येणं ही अट होती, त्या नोकरीतली माणसं थंडीत चार दिवस एकत्र आली की घोडे पळवणारच. मोठ्या ठिकाणी त्याचे क्लब झाले. मुंबईत १८०२ साली टर्फ क्लब निघाला, भायखळ्याला शर्यती होत आणि १८८३ पासून त्या महालक्ष्मीला होऊ लागल्या. पुण्यात लष्कराच्या जागेवर १८३० पासून रेसकोर्स आहे. लहान ठाण्यांत क्लब, स्टँड असा थाट नव्हता. एक सपाट माळ, त्यावर आखलेली फेरी आणि कडेला चौथरा, एवढ्यावर भागे.

काळ्या जमिनीत शर्यत घ्यायची तर एक मोठी अडचण आहे. पावसात खुराला चिखलाचा गोळा बसतो आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळून घोड्याचा पाय मोडतो. म्हणून शर्यती थंडीतच होत, आणि फेरीवर मुरूम टाकून दाबावा लागे. आमचा पहिला खरा पुरावा याच मुरमाने दिला. वसाहतीत घराचा पाया खोदणाऱ्या गवंड्यांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे खोदताना वर काळी माती लागते आणि मुरूम खाली असतो. इथे ठरावीक पट्ट्यात उलटं निघतं : हातभर खाली दाबलेला तांबूस मुरूम आणि त्याखाली पुन्हा काळी माती. एका गवंड्याने आम्हाला कोणकोणत्या घरांच्या पायात हे लागलं ते बोटाने दाखवलं. ती घरं नकाशावर टिंबांनी मांडली तेव्हा टिंबांची ओळ वळत गेली.

दुसरा पुरावा भूमी अभिलेख कार्यालयातल्या टिपणात सापडला. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या गावाचा शोध घेणाऱ्या कोणालाही ही वाट उपयोगी पडेल. जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीने व्हायची. साखळीचे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. शेताच्या मधून एक सरळ रेघ धरायची आणि तिच्यापासून काटकोनात दोन्ही बाजूंना बांधापर्यंतचं अंतर मोजायचं, की झालं टिपण. सरळ बांधाच्या शेतात ही अंतरं एकतर सारखी असतात, नाहीतर एका दिशेने वाढत किंवा घटत जातात. नाल्याकाठच्या शेतात ती वेडीवाकडी येतात. आमच्या एका सर्व्हे नंबरात मात्र ती सावकाश वाढत गेली होती, मध्यावर थांबली होती आणि तितक्याच सावकाश उतरली होती. बाजूला ना नाला, ना टेकडी. औत सरळ चालतं. कुठलाही कुणबी स्वतःच्या मर्जीने अर्धगोल बांध घालत नाही, कारण त्या वळणावर बैलजोडी फिरवताना नांगराच्या प्रत्येक तासाला, म्हणजे ओळीला, जमीन वाया जाते. तो बांध शेताचा नव्हता. आधीच आखलेल्या कशाच्या तरी कडेने शेत थांबलं होतं.

तिसरा ताळा हिशेबाचा. म्हातारी माणसं 'मैलाची फेरी' म्हणतात. मैल म्हणजे ५,२८० फूट, बरोबर १६० साखळ्या. फर्लांग म्हणजे २० साखळ्या. दोन्ही बाजूंना सुमारे १,२०० फुटांची सरळ धाव आणि दोन टोकांना अर्धवर्तुळं धरली, तर मैलाच्या फेरीत साधारण ४० एकर सामावतात. फेरी ६० फूट रुंद असेल तर प्रत्यक्ष धावपट्टी फक्त सव्वासात एकरांची. त्या टिपणातल्या बांधासह जे जुने सर्व्हे नंबर एका ठिकाणी येतात, त्यांचं क्षेत्र या ४० एकरांच्या अगदी जवळ जातं.

गावात तीन घडीव दगड दाखवतात. एक गोठ्याच्या उंबऱ्यात आहे, एक धुण्याला आणि एक मारुतीच्या पारात बसवलेला. हे फर्लांगाचे दगड, असं लोक सांगतात. तसं असेलही. पण जागेवरून हललेला दगड अंतराबद्दल काही सांगू शकत नाही, म्हणून तो पुरावा मी धरत नाही. मुरूम, टिपण आणि हिशेब मात्र तिन्ही एकाच आकाराकडे बोट दाखवतात. प्लेगच्या झोपड्यांसाठी कोणी मैलभर मुरूम अंथरत नाही. झोपड्या त्याच माळावर पडल्या असतील, कारण गावाबाहेर मोकळी जागा तीच होती. दोन्ही आठवणी खऱ्या असू शकतात.

शर्यत कशी थांबली

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. मुंबई इलाख्याने १९१२ साली रेसकोर्सना परवाना लावणारा कायदा केला. जुगाराला आळा घालणं हा त्याचा हेतू होता. लहान ठाण्याच्या हौशी शर्यतीला परवाना, तपासणी आणि अटी यांची कटकट परवडणारी नव्हती. त्याआधीच १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. साहेबांचं येणं-जाणं धुळे आणि जळगाव असं वाटलं गेलं. भुसावळ मार्गाने आणि तापी खोऱ्याच्या रेल्वेने लांबचे दौरे सोपे केले, पुढे मोटार आली. घोडा गरज म्हणून उरला नाही, तशी शर्यतही मागे पडली.

इथवर वाईट वाटण्यासारखं काही नाही. शर्यती बंद पडतात, चालायचंच. माझा जीव तुटतो तो पुढच्या भागासाठी. शर्यत थांबल्यावरही ४० एकरांचा सपाट माळ होताच, आणि तो सरकारी होता.

माळ कसा गेला

कोणी एका रात्रीत तो गिळला नाही. पायरी पायरीने गेला, आणि प्रत्येक पायरीवर शिक्का होता.

पहिली पायरी 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई होती आणि पडीक सरकारी जमीन लागवडीला देण्याचं धोरण आलं. माळ एकसाली पट्ट्याने कसायला दिला गेला. एका वर्षापुरता. दुसऱ्या वर्षी पुन्हा, तिसऱ्या वर्षी पुन्हा. भुकेच्या दिवसांत जमीन कसायला देणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ज्यांना ती मिळाली त्यांतले काही जण साहेबांच्या तबेल्यातल्या मोतद्दारांचे, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांचे, आणि नालबंदांचे वंशज होते. त्या घरांना पहिल्यांदा स्वतःची ज्वारी मिळाली ती याच माळावर, याचा मला आनंदच आहे.

दुसरी पायरी : एकसालीचं कायम झालं. जमीन नवीन शर्तीने, म्हणजे आताच्या भाषेत भोगवटादार वर्ग २ म्हणून, कसणाऱ्यांच्या नावावर लागली. विकायची तर परवानगी हवी आणि नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरायचा.

तिसरी पायरी एकत्रीकरणाची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना आकारबंद (प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, दाखवणारं पत्रक) आणि गट योजनेचं पत्रक शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा मला जे दिसलं ते सांगतो. एकूण क्षेत्र जुळतं, गुंठाही इकडचा तिकडे नाही. पण जुन्या पत्रकात या नंबरांना पोटखराबा, म्हणजे लागवडीत न धरलेलं क्षेत्र, मोठा होता. पोटखराब्याचे दोन प्रकार असतात. 'अ' म्हणजे खडक, नापीक, शेतीला नालायक. 'ब' म्हणजे रस्ता, पायवाट, स्मशान अशा सार्वजनिक वापराखालची जागा. तिच्यावर आकार बसवत नाहीत आणि ती लागवडीसाठी नसते. आमच्या फेरीचा मुरमाड पट्टा इथेच, खराब्याच्या रकान्यात बसला होता. नव्या पत्रकात तो आकडा निम्म्याहून खाली आला आणि लागवडीलायक क्षेत्राचा आकडा तेवढाच वर चढला. शेरा नाही, आदेशाचा क्रमांक नाही. सार्वजनिक वापराची जागा या रकान्यातून त्या रकान्यात गेली आणि बेरीज बरोबर आली, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

चौथी पायरी ओळखीची आहे. गाव वाढलं, बसस्टँड आलं, जमिनीला भाव आला. नजराणा भरून शर्त उठली, बिनशेती झाली, लेआउट पडले. पाचवी पायरी सिटी सर्व्हेची : गट नंबरही गेला, मिळकत पत्रिका आली, नवा क्रमांक आला. आज त्याच जमिनीला एकावर एक तीन क्रमांक आहेत. आजचा कागद हातात घेऊन मागे जायचं तर प्रत्येक वेळी जुन्या-नव्या क्रमांकांचं जुळवणी पत्रक शोधावं लागतं आणि तेच फाटलेलं किंवा 'उपलब्ध नाही' असतं. त्यात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, मोडीत. हक्कनोंदणीचा कायदाच १९०३ चा, त्यामुळे त्याआधीच्या वापराची खूण फक्त मोजणीच्या कागदात मिळते. गावात मोडी वाचणारे दोघेच आहेत, दोघेही सत्तरीच्या पुढचे. त्यांच्यानंतर हा शोध जवळपास अशक्य होईल.

माझा आक्षेप नेमका कशाला, ते सांगतो. या माळाची नोंद कधीही 'सार्वजनिक मैदान' म्हणून झाली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार सरकारी जमीन गायरान, खळवाडी, स्मशान अशा कामासाठी नेमून देता येते आणि मग ती दुसऱ्या कामाला सहजी वापरता येत नाही. ही संहिता १९६६ ची. त्यावेळी माळाचा काही भाग तरी सरकारकडे होता, निदान खराब्याच्या रूपाने. एक ठराव, एक प्रस्ताव आणि गाव नमुना १-ब, म्हणजे सरकारी जमिनींच्या नोंदवहीत, एक ओळ एवढं पुरलं असतं. कोणी मागितलं नाही.

का मागितलं नाही? मला दिसतं ते असं, की मैदान गावाला कधी आपलं वाटलंच नव्हतं. खेळ साहेबांचा होता. गावकरी दोराच्या बाहेर उभे राहून बघत. घोडा खरारणारे, नाल ठोकणारे, धावपट्टीवर पाणी मारणारे गावचे होते, पण शर्यतीत नाव देणारे नव्हते. साहेब गेले तेव्हा त्या जागेवर हक्क सांगावा असं कोणाच्या मनातही आलं नाही.

दोन शेजार

आपल्याच मुलखात सारंगखेडा आहे. शहादा तालुका, तापीचा काठ, एकमुखी दत्ताचं मंदिर. दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. मारवाड, काठेवाड, पंजाब, कुठून कुठून घोडे येतात. गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, देवमन हा शुभ मानलेला भोवरा आहे का विचारतो, मग दात, मग खूर, आणि शेवटी मालक घोड्याची रेवाल चाल दाखवतो. घोडा गरजेचा राहिला नाही तो सगळीकडेच. तरी सारंगखेड्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसं जमतात, कारण तिथे तिथी आहे, देव आहे, आणि बाजार सुरुवातीपासून लोकांचा आहे. जागेवर दरवर्षी हजारो पाय पडतात. ती जागा गिळणं सोपं नाही.

दुसरं टोक महालक्ष्मीचं. तिथे देव नाही, पण भाडेपट्टा आहे. त्याची मुदत २०१३ मध्ये संपली, वाद झाला, वर्तमानपत्रं भरली, आणि २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे द्यायचं ठरलं. त्या निर्णयावर मतं काहीही असोत, एकर आणि तारीख कागदावर होती म्हणून तरी भांडता आलं.

आमच्या माळाला ना तिथी होती, ना भाडेपट्टा.

आता हाती काय आहे

घरं पाडून मैदान करा असं म्हणणारे एक-दोघं बैठकीत निघाले. ते मला अजिबात मान्य नाही. तीस-चाळीस वर्षं लोक तिथे राहतात, त्यांचे व्यवहार नोंदलेले आहेत. एका अन्यायावर दुसरा रचायचा नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत लेखी ठरवलं.

पण लेआउट मंजूर करताना दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. ४० एकरांचे दहा टक्के म्हणजे चार एकर. चारशे मीटरची पूर्ण धावपट्टी बसवायला साधारण तेवढीच जागा लागते, आणि तिच्या चार फेऱ्या म्हणजे भरतीचे १६०० मीटर. हा हिशेब मांडला तेव्हा मुलांचे डोळे चमकले. प्रत्यक्षात ती जागा सलग नाही. वेगवेगळ्या लेआउटची वेगवेगळी तुकड्यांत पडलेली खुली जागा आहे. एकीवर सभामंडप आलाय, एकीतून गटार गेलंय, काहींना कुंपण घालून शेजाऱ्यांनी बाग केली आहे. पश्चिमेच्या वळणावरच्या तीन खुल्या जागा मात्र एकमेकींना लागून आहेत आणि मधली पूर्ण रिकामी आहे. तिथे चारशे मीटर बसत नाहीत, दोनशेची फेरी बसते. आठ फेऱ्या माराव्या लागतील. महामार्गावर धावण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

म्हणून आम्ही केलेल्या अर्जात तीन मागण्या आहेत. त्या तीन खुल्या जागांचा ताबा नगरपरिषदेने घ्यावा आणि विकास योजनेत त्या क्रीडांगण म्हणून दाखवाव्यात. जुन्या पोटखराबा 'ब' चं क्षेत्र कोणत्या आदेशाने लागवडीत गेलं, त्याची नक्कल द्यावी. आणि आदेशच नसेल, तर त्या पट्ट्यापैकी आज ज्यावर बांधकाम नाही तेवढा भाग मोजून १-ब ला नोंदवावा. तिसरी मागणी मान्य होईल याची मला फारशी आशा नाही. पहिली होण्यासारखी आहे, कारण त्यात कोणाचं काही जात नाही आणि बागवाल्या शेजाऱ्यांपैकी दोघांनी स्वतःहून संमती लिहून दिली आहे.

मोजणीची फी भरली आहे. अर्जासोबत जुन्या टिपणाची नक्कल, गवंड्यांनी दाखवलेल्या घरांचा नकाशा आणि दोन्ही पत्रकांतली तफावत दाखवणारा तक्ता जोडला आहे. जुन्या फेरफारांचं मोडी लिप्यंतर त्या दोघा आजोबांकडून करून घ्यायचं काम सुरू आहे. भरतीच्या तयारीतल्या दोन मुली त्यांच्याजवळ बसून मोडी शिकताहेत.